पाव न खाणारी स्वयंपाकीण

"स्वतः केलेलं स्वतः खात नाहीस, मग आम्ही काय समजायचं, मर्ल?" क्लिफ डार्बीनं टोस्टच्या पाचव्या तुकड्यावर जॅम थापत विचारलं. "यात काही घालतेस की काय?"

टेबलाभोवतीचे गडी हसले. मर्ल टकवेलनं अंड्यांचा तवा खाली उतरवला आणि मागे वळूनही न बघता म्हणाली, "तू रोज दीडशे मेंढ्या भादरतोस. लोकर खातोस का?"

आता हशा दुप्पट झाला आणि तो क्लिफच्या वाट्याला आला. तोही हसला. चहात चौथा चमचा साखर घालून त्यानं कप रिकामा केला आणि लगोलग दुसरा मागितला.

यारानबाची ही मेंढ्या भादरायची शेड ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीपासून बरीच आत होती. जवळचं गाव म्हणायचं तेही एकशेचाळीस किलोमीटरवर, आणि वाट सगळी मातीची. पाच कातरणारे, चार लोकर उचलणारे आणि त्यांचा ठेकेदार नेव्हिल प्रॉक्टर अशी दहा माणसं. त्यांना दिवसातून पाच वेळा खाऊ घालायचं काम मर्लचं. पाव, बन, फ्रूटकेक, बटाटे, खीर. ती मळायची, भाजायची, वाढायची, आणि स्वतःच्या ताटात मात्र मटणाचे चॉप्स, अंडी आणि लोण्यात परतलेला कोबी घ्यायची. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं हा हट्ट धरला होता आणि तो ती सोडणार नव्हती.

त्याला कारण होतं. त्याआधीची बारा वर्षं मर्ल आळशी म्हणून ओळखली जात होती. भर डिसेंबरच्या उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसे. दुपारी पिठाच्या पोत्याला टेकली की तिथंच झोपे. आवाज घोगरा झाला, केस गळले, अंग सुजल्यासारखं वाढत गेलं. नवरा रॉय चार लोकांत म्हणायचा, "हिच्या हाडात आळस मुरलाय." शेवटी तो मिल्ड्युराला एका चटपटीत बाईकडे राहायला गेला, तेव्हाही गावानं मान डोलावली. मर्लनं स्वतःही डोलावली. मग गावच्या दवाखान्यात श्रीलंकेची एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं रक्त तपासलं आणि सांगितलं, "तुम्ही आळशी नाही हो. तुमची थायरॉइड मंदावलीय, कितीतरी वर्षांपासून. आणि साखरही चांगलीच चढलीय."

मर्ल त्या खुर्चीत बसून रडली नाही. गाडीत येऊन रडली, आणि मग गाडीतला बिस्किटांचा पुडा तिनं खिडकीबाहेर कावळ्यांना उधळला.

पाव, बटाटा, साखर बंद झाली. सुरुवातीला तिनं एक चूक केली. खाणं एकदम बदललं आणि डॉक्टरणीला कळवलंच नाही. साखर उतरवायच्या गोळ्या पूर्वीइतक्याच पोटात जात राहिल्या, आणि आधीच्या एका शेडवर ती भर दुपारी चुलीपुढे घामाघूम होऊन कोसळली. डॉक्टरणीनं तिला झापलं. "खाणं तुमचं, गोळ्या माझ्या. एकमेकींना विचारल्याशिवाय कुणी काही बदलायचं नाही." एक गोळी बंद झाली, दुसरी राहिली. थायरॉइडची तर जन्माचीच. रोज पहाटे उठल्यावर पाण्याबरोबर ती घ्यायची आणि तासभर चहालाही शिवायचं नाही. तिकडच्या मापात पूर्वी सतराच्या, म्हणजे आपल्याकडच्या तीनशेच्या, खाली न येणारा साखरेचा आकडा वर्षभरात सहा-सातवर आला होता. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला उजाडायच्या आत आपणहून जाग येत होती.

नेव्हिलच्या डोक्यात मात्र ते कोसळणंच बसलं होतं. या शेडला येताना त्यानं सांगितलं होतं, "पुन्हा पडलीस तर दुसरी बघेन. आणि हे तुझं पथ्याचं फॅड माझ्या माणसांना शिकवायचं नाही."

त्या बुधवारी साडेनऊच्या सुट्टीला मर्ल चहाची किटली आणि बनांची परात घेऊन शेडमध्ये गेली. यंत्रं थांबली होती. क्लिफ भिंतीला टेकून बसला होता. एकसष्ट वर्षांचा हा माणूस एके काळी या भागातला सगळ्यात वेगवान कातरणारा होता. त्याची पाण्याची पिशवी सकाळीच भरली होती, ती रिकामी पडली होती. तीन दिवस मर्ल बघत होती, तो पाणी पितो आणि शेडमागे जातो, पुन्हा पितो, पुन्हा जातो. आता तो पायातलं दाबलेल्या लोकरीचं मऊ पायताण काढत होता. मोजा बोटांना चिकटला होता. त्यानं तो ओढला तशी त्याबरोबर कातडीही निघाली, आणि क्लिफच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मर्ल परात ठेवून त्याच्यासमोर उकिडवी बसली. दोन बोटं काळी पडली होती. वास येत होता.

"कधीपासून?"

"नवं पायताण चावलंय. दुखत नाही."

"दुखत नाही हेच वाईट आहे, गाढवा."

ती स्वयंपाकघरातून आपलं साखर मोजायचं यंत्र घेऊन आली. क्लिफनं हात मागे घेतला. "तुझी थेरं माझ्यावर नको, मर्ल."

"हात दे. नाहीतर संध्याकाळी खीर मिळणार नाही."

गडी हसले म्हणून त्यानं हात दिला. तिनं बोटाला सुई टोचली, थेंब घेतला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही. साखर त्याच्या आवाक्याबाहेर गेली की ते नुसती दोन अक्षरं दाखवतं, आणि ती अक्षरं मर्लनं आजवर फक्त माहितीपत्रकात पाहिली होती.

ती उठली. "चल, दवाखान्यात."

"आत्ता?" नेव्हिल मधे आला. "दोन दिवसांत शेडचं काम संपतंय. पाऊस तोंडावर आलाय, मेंढ्या भिजल्या की सगळंच अडलं. शनिवारी मी स्वतः नेतो त्याला."

"शनिवारी किती पाय न्यायचे, तेही सांग."

"मर्ल, तू चूल सोडून गेलीस तर परत चुलीजवळ यायचं नाही."

मर्लनं एप्रनची गाठ सोडली. आता आवाज घोगरा नव्हता. "मागे मी पडले तेव्हा म्हणालास, आजारी बाई नको. आता उभी आहे, तर उभी बाईही तुला नको. जेवण ओव्हनमध्ये आहे. बाराला काढ. बटाटे झाकून ठेवलेत."

"माझा पाय माझा आहे," क्लिफ पुटपुटला.

"हो ना. म्हणून तर तो तुझ्याकडेच ठेवायचाय."

 मग लोकर उचलणाऱ्यांतले दोघं पुढे झाले आणि क्लिफला काखेत धरून त्यांनी मर्लच्या जुन्या गाडीत बसवलं.

वाटेत अकरा फाटकं होती. शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं हा त्या मुलखाचा रिवाज, आणि क्लिफनं जन्मात तो मोडला नव्हता. पहिल्या फाटकाशी तो दाराची कडी शोधू लागला. मर्ल म्हणाली, "बसून राहा." ती उतरली, फाटक उघडलं, गाडी पलीकडे नेली, पुन्हा उतरून फाटक लावलं. अकरा वेळा. क्लिफ दर वेळी दुसरीकडे बघत होता.

आठव्या फाटकानंतर तो म्हणाला, "रॉय आमच्या टोळीत होता तेव्हा तुझ्या नकला करायचा. तू झोपेत पीठ मळतेस म्हणायचा."

"माहीत आहे."

"मी हसायचो."

मर्लनं पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर ठेवली. "मलाही ते खरंच वाटायचं," ती म्हणाली. "पाणी पी."

दुपारी डॉक्टरणीनं पाय पाहिला आणि लगेच फोन उचलला. संध्याकाळच्या विमानानं क्लिफला मोठ्या इस्पितळात नेलं. आणखी तीन दिवस उशीर झाला असता तर गुडघ्याखाली काही राहिलं नसतं, असं तिनं नंतर सांगितलं. दोन बोटं गेली. पाऊल वाचलं. पण दिवसभर कमरेत वाकून, त्या पावलावर भार देऊन मेंढी धरणं आता त्याला जमणार नव्हतं.

नेव्हिलनं शब्द पाळला. मर्लच्या सुऱ्या आणि लाटणं एका खोक्यात भरून गावातल्या पेट्रोल पंपावर ठेवलेली तिला मिळाली. ती ते खोकं तसंच उचलून गावातल्या हॉटेलात गेली आणि मालकिणीला म्हणाली, "मला काम हवंय. माझं केलेलं गोड मी खात नाही, ते आधीच सांगते. चव बघायला एक चमचा पुरतो."

"खाऊ नकोस की," मालकीण म्हणाली. "गिऱ्हाइकं खातात तेवढं बास."

मार्चमध्ये क्लिफ हॉटेलच्या मागच्या दाराशी आला. काठी टेकत, दाढी करून, हातात एक फ्लॉवरचा गड्डा घेऊन. डॉक्टरणीनं त्याच्या इन्सुलिनचं प्रमाण बसवून दिलं होतं आणि काय खायचं त्याचा कागदही दिला होता. तो कागद दोन आठवडे खिशात घेऊन तो फिरत होता.

"याचं काय करतात?" त्यानं विचारलं.

"आत ये," मर्ल म्हणाली.

तिनं त्याला टेबलाशी स्टूल दिलं, पण तो बसला नाही. धडक्या पायावर भार टाकून उभा राहिला. गड्डा डाव्या हाताच्या बेचक्यात धरून त्यानं देठाशी सुरी घातली आणि तुरे एकेक करून, घाई न करता, सुटे केले. हात अजून पक्के होते. एकही तुरा चुरला नाही.

खिडकीबाहेरून नेव्हिलचा ट्रक गेला. नव्या हंगामाची टोळी मागे बसली होती. कुणीतरी ओळखलं असावं; भोंगा दोनदा वाजला. क्लिफची सुरी थांबली. धूळ खाली बसेपर्यंत ती थांबलेलीच होती.

मग त्यानं तुरे पातेल्यात लोटले.

"मीठ किती?" त्यानं विचारलं.

"चवीपुरतं," मर्ल म्हणाली, आणि बरणी त्याच्या हाताशी सरकवली.