आर्ट सेंटरची मासोळी

हुपरीचा वीरभद्र महिन्यातून एकदा कोल्हापूरला जायचा. का जायचा हे त्याच्या बायकोला, वर्षाराणीला, माहीत होतं. बाकीच्या गावाला त्याहून बरंच जास्त माहीत होतं.

खरं कारण अगदी साधं होतं. दोन हजार पाच साली वीरभद्र वाळत चालला. घरातच पैंजणाच्या कड्या झाळून, म्हणजे आचेवर सांधून, द्यायच्या हा त्याचा धंदा, पण फुंकणी तोंडाला लावली की ज्योत हलायच्या आधी तोच हलायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि निकाल सांगताना ते पंख्याकडं बघत राहिले. ऐन तिशीत माल विकायला वीरभद्र परमुलखात हिंडला होता. तिथं काय झालं ते त्यानं बायकोला एकदाच सांगितलं. त्यानंतर तीन आठवडे तिनं बोलणं मीठ-भाकरीपुरतं ठेवलं. तिचंही रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. चौथ्या आठवड्यात ती म्हणाली, "गोळ्या कवा सुरू करायच्या तेवढं बोला."

कोल्हापुरात सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला एड्सच्या औषधांची वेगळी खोली होती. तिला ए.आर.टी. सेंटर म्हणत. तिथल्या शांभवी मॅडमनी पहिल्या दिवशी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. सकाळी आठ आणि रात्री आठ, एकेक गोळी. कुणाला द्यायची नाही, कुणाकडून घ्यायची नाही. बरं वाटायला लागलं म्हणून थांबायचं नाही, कारण बरं वाटतं ते गोळीमुळंच. एखादी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, पण दोन एकदम नाहीत. अंगावर पुरळ उठलं किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी इकडं यायचं. महिन्याच्या साठातल्या दोन-तीन चुकल्या की रोग निर्ढावतो, मग ही गोळी त्याला पाहुणी वाटत नाही, घरचीच वाटते. मॅडम दर महिन्याला डबी उलटी करून उरलेल्या गोळ्या मोजायच्या. झाडलोटीतला चांदीचा कणही सोडायचा नाही अशा धंद्यात वाढलेल्या माणसाला हे जड गेलं नाही. वर्षभरात वीरभद्रची एकही गोळी चुकली नाही. अंग भरलं, गालावर तकाकी आली, आणि लोक विचारू लागले की हा दर महिन्याला कोल्हापूरला जाऊन खातो तरी काय.

उत्तर हंबीररावांना सापडलं. हंबीरराव म्हणजे वीरभद्रला चांदी देऊन पैंजण करून घेणारे व्यापारी. एक दिवस ते माल तोलायला आले, गादीवर टेकले, आणि टेकल्याबरोबर गादीखालून सेंटरचं हिरवं पुस्तक बाहेर घसरलं. पुस्तकावर इंग्रजी अक्षरं होती. हंबीरराव आठवीपर्यंत शिकलेले, आणि त्या शिक्षणाचा वापर करायची संधी ते सहसा सोडत नसत. त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं.

"ए, आर, टी. आर्ट! सरकारनं कोल्हापुरात आर्ट सेंटर काढलंय आणि तू गुपचूप शिकाय जातूस व्हय रं?"

वीरभद्रनं पुस्तक अलगद काढून घेतलं. तो म्हणाला, "व्हय मालक."

या दोन शब्दांनी त्याची त्या दिवसापुरती सुटका झाली. पुढच्या महिन्यापासून मात्र तो कोल्हापूरहून परतला की हंबीरराव दारात हजर. सेंटरात शिकणारा माणूस रिकाम्या हातानं कसा येईल? नवं डिझाईन दाखव.

वीरभद्रनं सेंटरच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत तासन्‌तास काढले होते. समोरच्या भिंतीवर दाराएवढं पोस्टर होतं, त्यावर एक लाल फीत. वर एक वेढा, खाली दोन टोकं एकमेकांना ओलांडून गेलेली. कारागिराचे डोळे स्वस्थ बसत नाहीत. त्यानं बसच्या तिकिटाच्या मागं ती फीत काढली, आणि सवयीनं आडवी काढली, कारण पैंजणात सगळं आडवंच चालतं. दारातल्या हंबीररावांनी तिकीट हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मासोळी!"

आडवी धरली तर ती मासोळीच होती. वेढ्याचं अंग, दोन टोकांची शेपटी. वीरभद्रनं डोळ्याच्या जागी चांदीचा एक बारीक रवा लावून दिला. त्या लग्नसराईत मासोळी पैंजण असा चालला, की आजूबाजूच्या चार घरांत रात्रंदिवस फुंकण्या सुरू राहिल्या. गडहिंग्लजपासून निपाणीपर्यंत नव्या नवऱ्या पायात एड्सची खूण घालून सासरी निघाल्या, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, की नक्षी कशी शुभ दिसते. वीरभद्रच्या आईला, मल्लव्वाला, लेकाच्या शिक्षणाचा अभिमान मावेना. लहानपणी शाळेतून पळून यायचा, आता सरकार बोलावून शिकवतंय, असं ती नळावर सांगायची. वीरभद्रनं वर्षाराणीला विचारलं, तुला एक जोड करू का? ती म्हणाली, मला नको, माझ्या घरात अस्सल आहे.

इथपर्यंत सगळं बरं होतं. मग हंबीररावांच्या मनात आलं, की एका कारागिरानं एका डिझाईनवर एवढं चालवलं, तर मालकानं स्वतः नाव घातलं तर काय होईल?

वीरभद्रची तारीख मंगळवारी होती. हाताशी दोन-चार गोळ्या उरतील अशी तारीख मॅडम देत. मंगळवारी सकाळी हंबीरराव जीप घेऊन दारात उभे. मीबी येतो, ॲडमिशनचं बघूया. वीरभद्रनं पोट धरलं आणि आज जमत नाही म्हणाला. बुधवारी पहाटेच्या एसटीनं गुपचूप जावं म्हणून स्टँडवर गेला, तर हंबीरराव तिथं चहा पीत बसलेले. पोट बरं दिसतंय, म्हणाले. वीरभद्रचं पोट तिथल्या तिथं पुन्हा बिघडलं. घरी परतल्यावर वर्षाराणीनं डबी त्याच्यासमोर हलवली. आत रात्रीची एक आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एक अशा दोनच वाजल्या. मल्लव्वा अंगणात होती, म्हणून वर्षाराणी हळू आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून बोलली. लोकांपासून लपवायचं तर लपवा, गोळीपासून लपू नका.

गुरुवारी सकाळी आठला वीरभद्रनं दाराआड शेवटची गोळी घेतली आणि बाहेर येऊन जीपमध्ये बसला. रात्री आठची गोळी कोल्हापुरात होती. सेंटरवर नाव एक वाजेपर्यंतच घेत. वाटेत हंबीररावांना कुठंतरी सोडायचं आणि सटकायचं, एवढाच बेत.

हंबीरराव सुटायच्या बेतात नव्हते. त्यांनी आधी जीप गुजरीत घातली. सराफांच्या दुकानांतून मासोळी टांगलेली दिसली की ते वीरभद्रला खांद्याला धरून आत न्यायचे आणि ओळख करून द्यायचे, ह्यो आमचा आर्टिस्ट. प्रत्येक दुकानात चहा. वीरभद्र म्हणाला, मालक, तुम्ही बसा, मी सेंटर उघडं आहे का बघून येतो. हंबीरराव म्हणाले, फोन कर की. वीरभद्र म्हणाला, आज मुलाखतीला बाहेरून मोठे लोक आलेत, पावण्यांना आत सोडत नाहीत. हंबीरराव म्हणाले, पावणं कोण हाय, मी तर विद्यार्थी.

चौथ्या दुकानातून बाहेर पडले तेव्हा साडेबारा झाले होते. वीरभद्र जीपच्या टपाला धरून उभा राहिला. एका बाजूला गाव होतं. हुपरीत एकदा बोभाटा झाला की त्याच्या हातची चांदी कुणी हातात धरणार नव्हतं, आईच्या पंगतीला कुणी बसणार नव्हतं. दुसऱ्या बाजूला रात्रीच्या गोळीपर्यंतचे साडेसात तास होते.

"मालक," तो म्हणाला, "ते चित्राचं सेंटर न्हाय. मला एड्सचा रोग हाय. तिथनं मी गोळ्या आणतो."

हंबीररावांनी त्याच्या पोटाकडं बघितलं, गालांकडं बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"मर्दा, डिझाईन लपवायला कारागीर बापाचं नाव खोटं सांगतोय हे ठाऊक हुतं. पर हे? तो रोग झालेला माणूस असा असतोय? काडी हुतोय काडी! मानलं तुला. आता तर मी येणारच."

एक वर्ष वीरभद्र खोटं बोलत होता तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. खरं बोलून बघायचा त्याचा हा पहिलाच प्रयत्न होता. तो म्हणाला, "चला."

एकला दहा मिनिटं असताना ते पोचले. वीरभद्रनं नाव दिलं, पुस्तक ठेवलं आणि बाकावर बसला. शेजारी हंबीरराव. खोलीत पंधरा-वीस माणसं होती. एक नऊवारीतली बाई, एक इस्त्रीचे कपडे घातलेला साहेब, नुकतंच लग्न झालेलं जोडपं. कुणी काडी होतं, कुणी हंबीररावांपेक्षा जाड. हंबीररावांना यात गैर काही दिसलं नाही. कला शिकायला वय नसतं, म्हणाले. आणि मग त्यांना भिंत दिसली.

"आपली मासोळी," ते कुजबुजले. "चोरली बघ ह्यांनी. आणि उभी का टांगलीय?"

हंबीरराव उठून पोस्टरपाशी गेले. खाली मराठीत लिहिलेलं होतं, त्यामुळं या खेपेला आठवीपर्यंतचं शिक्षण पुरेसं होतं. त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, दुसऱ्या ओळीवर सरकवलं, आणि तिसऱ्यावर बोट भाजल्यासारखं काढून घेतलं. मान कलती करून त्यांनी फीत आडवी बघितली. सरळ करून उभी बघितली. मग बाकावरच्या माणसांकडं वळून एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि शेवटी वीरभद्रकडं.

आतून त्याचं नाव पुकारलं. शांभवी मॅडमनी डबी उलटी केली. काही पडलं नाही. दोन दिवस उशीर का म्हणून त्यांनी विचारलं. एवढं काठावर येऊ नका, एखादी एसटी बंद पडली तर काय करणार होता? वीरभद्र म्हणाला, सोबत झाली होती. एकही चुकली नाही ना? एकही नाही. मॅडमनी नवी डबी दिली. ती खिशात पडली तेव्हा साठ गोळ्यांचा जो आवाज झाला, तसा चांदीचाही त्यानं कधी ऐकला नव्हता.

हंबीरराव जीपमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. जीप हुपरीच्या वाटेवर गडमुडशिंगीला आली. तिथल्या टपरीवर त्यांनी गाडी थांबवली. एरवी एकाच चहात कप वीरभद्रला आणि बशी स्वतःला असा त्यांचा रिवाज. आज त्यांनी दोन चहा सांगितले. वीरभद्र म्हणाला, चहातनं काही होत नाही मालक, शेजारी बसूनबी होत नाही. हंबीररावांनी मान हलवली आणि दोन चहा दोनच राहू दिले.

"किती जणांस्नी म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं.

"बायकोला. मॅडमला. आता तुमाला."

"तुझ्या अव्वाला, मल्लव्वाला?"

"न्हाय."

"मग माझ्या बायकोलाबी न्हाय," हंबीरराव म्हणाले. "तिच्या पायात हाईत."

हंबीररावांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"सुनेच्या पायात हाईत. आमदाराच्या घरात चार जोड गेल्यात. माझ्या कपाटात अडीचशे जोड तयार हाईत. तुझ्या ह्या रोगाचं एक अक्षर जरी गावात फुटलं, तर ती फीत कुठनं आली हे इचाराय कुणी थांबायचं न्हाय. तू कुणाला बोललास तर याद राख."

वीरभद्रला जे गुपित इतके दिवस सांभाळताना घाम फुटत होता, ते असं एका चहात तालेवार माणसाच्या गळ्यात पडलं. हंबीररावांनी ते माल सांभाळावा तसं सांभाळलं. दर महिन्याच्या तारखेला जीप दारात यायची, कारण एसटीत कोण भेटेल सांगता येत नाही. वीरभद्र वाळला तर लोक शंका घेतील, म्हणून त्याच्या घरी दूध आणि अंडी पोचायची. घर शाकाहारी, म्हणून अंडी मल्लव्वा आत घेत नसे. अंडी शेजारी जायची आणि दूध वीरभद्रला मिळायचं. संध्याकाळी माल तोलता तोलता हंबीररावांची नजर घड्याळाकडं जायची, आणि आठाला पाच मिनिटं असताना ते वीरभद्रला विनाकारण ओरडून आत पाठवायचे.

चार महिन्यांनी पिराजी कारागीर हंबीररावांच्या पेढीवर आला. मासोळीनं वीरभद्रचं नाव झालं, आता आपल्यालाही त्या आर्ट सेंटरात घाला म्हणाला. फी लागत असली तरी चालेल. वीरभद्र कोपऱ्यात कड्या मोजत होता, त्याचा हात थांबला.

हंबीररावांनी तराजू खाली ठेवला. त्यांनी पिराजीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तिथं असंतसं कुणालाबी घेत न्हाईत," ते म्हणाले. "ते रक्तात असावं लागतंय."

पिराजीनं बराच विचार केला. आपल्या तीन पिढ्यांत कुणाच्याच रक्तात तसलं काही नव्हतं, हे त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं, वीरभद्रकडं एकदा हेव्यानं बघितलं आणि तो आपल्या कामाला गेला.