मुद्देमाल झालेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असते. कोंबड्या खुशाल माझ्या दांड्यावर येऊन बसतात आणि मी त्यांना काही म्हणत नाही. पण एके काळी मी कोर्टात उभी राहिले होते, प्रत्यक्ष न्यायाधीशांसमोर, आणि माझ्या मालकांचा शब्द त्या दिवशी पणाला लागला होता. त्याचीच ही हकिकत आहे.

माझे सुटे भाग पार पंजाबातून पेटीत बसून आले. साताऱ्यातल्या भाऊसो सायकलवाल्यांनी मला जोडलं, माझ्यावर कापड फिरवलं आणि दुकानाच्या दाराशी मिरवायला उभं केलं. तिथे जोतीराम आले. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते पलटणीतून पेन्शनवर आले होते आणि एमआयडीसीतल्या कारखान्यात त्यांना वॉचमनची नोकरी लागली होती. त्यांनी मला उचलून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाले, "रंग कसला बी चालंल भाऊसो, पर डायनामो पायजे. रातच्याला जायाचं असतंय."

तेव्हा आमच्या भागात पुष्कळ लोक अंधारात देवाच्या भरवशावर सायकल हाकत. मला मात्र पुढच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो बसला. चाक फिरलं की दिवा पेटायचा, चाक थांबलं की विझायचा. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच घडलं.

ते दिवस माझ्या भाग्याचे होते. दर रविवारी जोतीराम मला अंगणात उलटी करत, कोंबडीच्या पिसाने सांध्यासांध्यात तेल सोडत. त्यांची बायको शालूबाई उंबऱ्यातून म्हणायची, "आवं, बंदूक गेली आन् सायकल आली. माज्याकडं कवा बघायचं?" मग ते हसून तिला कोरेगावच्या बाजाराला घेऊन जायचे. ती मागे कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायची, डोक्यावर पदर, मान खाली. कारखान्याच्या गेटवर लोक माझं कौतुक करत, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही असेच बाजाराहून परतत होतो. दिवस मावळला होता. समोरून एक ट्रक डोळे दिपवणारा उजेड टाकत अंगावर आला. जोतीरामांनी मला बाजूला घेतलं आणि आम्ही तिघंही खड्ड्यात गेलो. ट्रक निघून गेला. शालूबाईचा पाय माझ्याखाली सापडून मोडला होता. जवळच्या चौकीतला हवालदार धावत आला आणि बॅटरी मारत त्याने पहिलाच प्रश्न केला, "दिवा कुठाय रं सायकलीला?"

मी आडवी पडले होते. माझं चाक थांबलं होतं, म्हणून दिवा विझला होता. तिथल्या तिथे चाक फिरवून दाखवता आलं असतं. पण जोतीरामांनी बायकोला उचलायचं की चाक फिरवायचं? ते एवढंच ओरडले, "सायेब, दिवा काय बघताय, बाईचा पाय बघा!" हवालदाराने टांगा बोलावून दिला, हे मी कबूल करीन. पण विनादिव्याची सायकल म्हणून खटलाही त्यानेच भरला.

सगळ्यांनी जोतीरामांना सांगितलं, की कोर्टात गुन्हा कबूल म्हणायचं, चार रुपये दंड भरायचा आणि सायकल घेऊन घरी यायचं. त्यांचा चुलतभाऊ अर्जुना तर चिडलाच. "आरं गड्या, दिव्यासाठी कोन भांडतंय व्हय कोर्टात?"

"दिव्यासाठी न्हाई," जोतीराम म्हणाले. "आंधारात न्हेऊन बायकूचा पाय मोडला म्हनत्यात लोक. कबूल म्हनलो की ते खरं झालं."

त्यांनी "कबूल नाही" म्हणून सांगितलं आणि मी मुद्देमाल झाले. खटला संपेपर्यंत मुक्काम चौकीमागच्या आवारात. वर छप्पर नाही. पावसाळा आला आणि माझ्यावरूनच गेला. माझी घंटा कुणीतरी काढून नेली, शेळ्यांनी सीट कुरतडली. तारखेमागून तारखा पडत होत्या. जोतीराम प्रत्येक तारखेला चालत साताऱ्याच्या कोर्टात जायचे आणि वाटेत कुंपणापाशी थांबून मला बघायचे. एकदा त्यांनी खिशातून तेलाची बाटली काढली. पहाऱ्यावरच्या शिपायाला दया आली. "घाला गुपचूप. कोन बघतंय?"

पण जोतीरामांनी बाटली परत खिशात ठेवली. "मुद्देमालाला हात लावायचा न्हाई म्हनून सायेबांनी सांगितलंय. हुकूम म्हंजी हुकूम." सारी उमर पलटणीत गेलेला माणूस तो. दुसरं काय बोलणार होता? पण दोन थेंबांसाठी मी किती आसुसले होते, हे मलाच ठाऊक.

दिवाळीनंतर साक्षी झाल्या. शालूबाई कुबडी घेऊन पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, दिवा पेटलेला तुम्ही पाहिलात?"

एक "व्हय" म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तिने देवाची शपथ घेतली होती. ती म्हणाली, "मी मागं बसल्याली, सायेब. मान खाली हुती. मला ह्यांची पाठच दिसत हुती. पर डायनामोची गुनगुन ऐकू येत हुती."

"ऐकू येणं वेगळं, बाई," न्यायाधीश हळू आवाजात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मलाच आणायला सांगितलं. मी दारातून आत आले तेव्हा जोतीरामांचा चेहरा असा उजळला, जणू आता सुटलोच. त्यांनी स्वतः माझं पुढचं चाक उचललं आणि जोराने फिरवलं.

डायनामो गंजून जाम झाला होता. चाक करकरत फिरलं, थांबलं. त्यांनी परत फिरवलं. मी जिवाच्या आकांताने झटले हो, पण काचेत ठिणगीसुद्धा आली नाही. शेवटी शिपायाने त्यांचा हात धरला. दंड झाला. जोतीरामांनी तो निमूट भरला आणि मला हाताने ढकलत घरी आणलं. नंतर ते माझ्यावर कधीच बसले नाहीत. कामाला चालत जात.

एके दिवशी जेवताना त्यांनी घास तसाच धरून विचारलं, "शालू, खरंच पेटला हुता का गं दिवा? मलाच आता याद येईना."

"व्हय, पेटला हुता की," ती चटकन म्हणाली. "मी बघितला. लख्ख उजेड पडला हुता रस्त्याव."

"कोर्टात तर न्हाई म्हनालीस."

ती भाकरी वाढायला चुलीकडे वळली. जोतीरामांनी मान हलवली, तिने आपलं मन राखलं असं समजून ते जेवू लागले. पुढे ते वारले तेही मनात तीच टोचणी घेऊन. मी इथे भिंतीशी उभी राहून सगळं ऐकत होते. ती म्हणाली ते तिने पाहिलेलं नव्हतं, पण ते अक्षरशः खरं होतं.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू तुमच्या ताब्यात आली तर तिला आडोशाला ठेवा, तिच्यावर पोतं टाका, तेलाचा थेंब द्या. आणि अंधारात पडलेला कुणी माणूस दिवा होता म्हणून सांगत असेल, तर त्याच्या बायकोला उचलायला एकाने धावा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे चाक फिरवून बघा. मधे पावसाळा जाऊ देऊ नका.