गुरुवारचे सदर पोचवणारा मोडेम

मित्रांनो, रत्नागिरीत राजिवड्यातल्या एका घराच्या माळ्यावर पत्र्याची पेटी आहे. तिच्यात तुटक्या कीबोर्डखाली, वायरींच्या गुंडाळ्यात जो चपटा राखाडी डबा दिसेल, तो मी. मला मोडेम म्हणत. तुमच्यापैकी अनेकांनी हे नावही ऐकले नसेल. पूर्वी संगणकाला बाहेरच्या जगाशी बोलायचे असले की टेलिफोनच्या तारेतूनच बोलावे लागे, आणि त्याचे बोलणे तारेला समजेल असे करून देण्याचे काम माझे होते. काम सुरू करताना मी आधी कर्कश ओरडत असे, मग लांब शीळ घालत असे, आणि मग गप्प होत असे. मी गप्प झालो की समोरच्याला हायसे वाटे. जोडणी झाली म्हणायची.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्याची मला आठवण नाही. माझी आठवण सुरू होते ती १९९८ च्या डिसेंबरात. गोखले नाक्याजवळ घड्याळाच्या दुकानावरच्या एका खोलीत तस्नीम होडेकरने माझे खोके कात्रीने उघडले, मला कपड्याने पुसले आणि टेलिफोनशेजारी ठेवले.

तस्नीम तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. मुंबईत एका कंपनीत ती वेबसाइट बनवायला शिकली होती. आई गेल्यावर वडिलांना एकटे ठेवायचे नाही म्हणून ती गावी परतली आणि तिने स्वतःचा लहानसा व्यवसाय सुरू केला. वडील सुलेमानभाई, म्हणजे तिचे अब्बा, जन्मभर बोटीच्या इंजिनखोलीत राबलेले. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. रोज ते लेकीबरोबर येत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि ती वाचून दाखवील ते ऐकत. तिच्या तोंडून ऐकता ऐकता मलाही जगाची माहिती होत गेली.

गिऱ्हाईक हळूहळू येई. गणपतीपुळ्याचा एक लॉजवाला, एक काजूवाला, एक शाळा. एकाने विचारले होते, "वेबसाइट दरवर्षी नवी छापायला लागते काय, कॅलेंडरासारखी?" तस्नीम हसली नव्हती. तिने त्याला अर्धा तास समजावून सांगितले होते.

माझी निगा ती मनापासून राखी. समुद्राच्या खाऱ्या हवेने माझ्या पिनांवर गंज धरे, तो ती खोडरबराने घासून काढी. ढग गडगडले की हातातले काम टाकून आधी माझी तार उपटून ठेवी, कारण तारेतून वीज आली की माझ्यासारख्याचा कोळसा होतो.

पुढच्या वर्षी एका स्थानिक दैनिकाचे संपादक आप्पा लिमये जिना चढून आले. संगणकाच्या जगातल्या बातम्यांवर दर गुरुवारी लिहिशील का, म्हणाले. तस्नीमने होकार दिला. मुंबईची वर्तमानपत्रे आणि मासिके वाचून, आपल्यासारख्या छोट्या गावच्या व्यावसायिकाला त्यांतून काय वाटते ते ती लिही आणि मंगळवारी दुपारी माझ्या हाती देई. मी ते दैनिकाच्या कचेरीत पोचवत असे. सन दोन हजार उजाडताना जगभरचे संगणक बंद पडणार अशी बोंब उठली होती. तेव्हा तिने लिहिले, "आमच्याकडे वीज रोजच जाते. आमचा सराव झालेला आहे." लोकांनी ते कात्रण दुकानांत चिकटवले. लोक तिला रस्त्यात ओळखू लागले.

मग मार्चमध्ये 'फळघर डॉट कॉम'ची बातमी आली. मुंबईची ही नवी कंपनी संगणकावरून आंबा विकणार होती. दलाल नाही, बाजार नाही, बागेतून थेट घरी. तस्नीमने त्या बातमीवर फार उमेदीने लिहिले. बागायतदारांनी हे पाऊल उचललेच पाहिजे, असा शेवट केला. नेहमीप्रमाणे अब्बांना वाचून दाखवले.

अब्बांनी विचारले, "तू बघितलीस काय ती कंपनी?"

"अब्बा, सगळ्या पेपरांत आली आहे."

"पेपरात आली ती मी ऐकली. तू बघितलीस काय?"

तिने मला जोडले. मी ओरडलो, शीळ घातली, गप्प झालो, आणि तो लेख पोचवला.

आठवड्याभराने पूर्णगडाकडचे भागोजी कीर तिचे ते कात्रण घेऊन एसटीने आले. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले गृहस्थ. दारातच चपला काढून आत आले. त्यांची हापूसची ऐंशी कलमे होती. कात्रण टेबलावर ठेवून त्यांनी एवढेच विचारले, "बाय, तू लिवलंस ता खरा हाय ना?"

"खरं आहे, काका," तस्नीम म्हणाली.

एप्रिलअखेर भागोजींनी पहिल्या तोडीचा सगळा हापूस त्या कंपनीला पाठवला. त्यांचे पाहून शेजारच्या तिघांनी पाठवला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पैसे न देताच, कंपनी बंद पडली. परदेशात अशा कंपन्या धडाधड कोसळत होत्या, त्यांतलीच ही एक. तस्नीमने बातमी मोठ्याने वाचायला घेतली आणि मध्येच थांबली.

तीन दिवसांनी भागोजी आले. मुंबईला जाऊन, तसेच थेट तिच्याकडे आले होते. तिने पाणी दिले, ते त्यांनी प्यायले.

"गोदामाला टाळा हाय," ते म्हणाले. "वॉचमन आत सोडी ना. पन वास येत व्हता बाय. रस्त्यापासना येत व्हता."

भागोजींनी खिशातून ते कात्रण काढले. घामाने मऊ पडले होते. त्यांनी ते टेबलावर सरळ करून ठेवले.

"ह्या तुझा. ठेव तुझ्याकडं."

आणि ते जिना उतरून गेले. रागाचा एक शब्द नाही. मला वाटते, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर ती रडली असती आणि मोकळी झाली असती. तसे झाले नाही. ती त्या दिवशी कात्रणाकडे बघत बसली, दुसऱ्या दिवशी कामाला लागली, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर तिला काहीच वाटेनासे झाले.

मित्रांनो, हे मी तुम्हाला नीट सांगू शकेन की नाही, ठाऊक नाही. ती आजारी नव्हती. वेळेवर येई, वेबसाइट बनवी, गिऱ्हाइकाशी नीट बोले. गुरुवारचे सदरही चालूच होते, पण त्यात ती नव्हती. अमुक कंपनीचा भाव उतरला, तमुक कंपनीने हजार माणसे काढली, नवा फोन आला, असे नुसते इंग्रजीतून मराठीत उतरवून ती मला देई. पापलेट काय भावाने गेले हे सांगावे, त्या आवाजात अब्बांना वाचून दाखवी. जेवण पुढे आले तर जेवी, नाही तर विसरे. गंमत अशी की आप्पांना हे लिखाण पसंत पडले. "आता कसं स्वच्छ लिहितेस," असे ते फोनवर म्हणाले.

मलाही तेव्हा काही वाटत होते असे मी सांगणार नाही. तिचा उमेदीचा लेख आणि हे मेलेले लेख, दोन्हींचे वजन मला सारखेच लागले. मी यंत्र होतो. ती नव्हती, आणि तरी माझ्यासारखी होत चालली होती.

पुढल्या फेब्रुवारीत आप्पांचा फोन आला. आंब्याची आणखी एक नवी कंपनी निघाली होती, तिची जाहिरात पेपराला मिळणार होती. तिच्यावर चार बऱ्या ओळी लिही, असे त्यांचे म्हणणे. तस्नीम "बरं" म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. मग संगणक चालू न करताच उठली.

"अब्बा, मी पूर्णगडला जाऊन येते."

अब्बा एवढेच म्हणाले, "पाण्याची बाटली घे."

तिथे काय झाले ते दुसऱ्या दिवशी तिने त्यांना सांगितले, म्हणून मला कळले. भागोजी घरी नव्हते, बागेत गेले होते. त्यांची बायको गंगा अंगणात कुळीथ पाखडत होती. तस्नीमने नाव सांगताच तिचे सूप थांबले. पण तिने बसायला पाट दिला आणि कोकमाचे सरबत दिले.

"आंबं गेलं ता गेलं," गंगा म्हणाली. "झाड हाय, परत धरंल. पन त्या तिघांनी ह्यांच्या सांगण्यावरनं दिलं ना. आता ती बोलत नायत. वाटेत दिसलं की तोंड फिरवतत. ह्ये रोज सांजचं चहाच्या टपरीवर बसायचं, तुझा पेपर वाचून दाखवायचं सगळ्यांना. वरीस होत आला, तिकडं फिरकलं नायत."

तस्नीम म्हणाली, "काकी, चूक माझी होती."

"मग ता मला कशाला सांगतंस? पेपर मी वाचत नाय."

हे सांगताना तस्नीमचा आवाज हलला. वर्षभरात पहिल्यांदाच.

त्या मंगळवारी तिने लेख लिहिला, तो असा: 'फळघर'ची बातमी मी पडताळली नव्हती. कंपनीचे दार पाहिले नव्हते, एका माणसाशीही बोलले नव्हते. चकचकीत शब्द वाचले आणि तसेच पुढे ढकलले. पूर्णगडाकडचे भागोजी कीर मला येऊन विचारून गेले होते, खरे आहे ना. मी हो म्हटले. त्यांच्या शेजाऱ्यांचे नुकसान त्यांनी केलेले नाही, मी केले आहे. आणि आता जी नवी कंपनी आली आहे तिच्याविषयी मला काही माहीत नाही, म्हणून मी काही लिहिणार नाही.

अब्बांना वाचून दाखवले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "पाठव."

त्या दिवशी लाइन फार वाईट होती. तीनदा मी अर्ध्यावर तुटलो. चौथ्यांदा पोचवला. घटकाभराने आप्पांचा फोन आला. त्यांचा चढा आवाज मलाही ऐकू येत होता. "पेपरात असं कोणी लिहितं का? वाचकांचा विश्वास काय राहील?"

"आप्पा, हे छापा, नाहीतर माझं सदर बंद करा," ती म्हणाली.

आप्पांनी दोन्ही केले. लेख अर्धा कापून सहाव्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळांखाली छापला, आणि पुढच्या गुरुवारपासून सदर बंद झाले. पण भागोजींचे नाव आणि शेजाऱ्यांचे नुकसान 'मी केले आहे' हे वाक्य त्यांनी कापले नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

नंतर काहीच घडले नाही. कोणाचे पत्र आले नाही. गणपतीपुळ्याच्या लॉजवाल्याने काम दुसरीकडे नेले.

मार्च गेला. एप्रिलच्या एका संध्याकाळी मी नुकतीच लाइन सोडली होती, तेवढ्यात फोन वाजला. पूर्णगडच्या बूथवरून गंगा बोलत होती. तिला फोनची सवय नव्हती, ती ओरडूनच बोलत होती.

"बाय, ऐकतंस ना? भिकाजी आला व्हता, त्या तिघांतला. तू लिवलंस तो पेपर घेऊन आला. चल म्हनाला. ह्ये टपरीवर गेलंत. आत्ता. मी बघून आलंय, बसलंत."

तस्नीम म्हणाली, "काकी..." एवढ्यात तिकडे फोन ठेवल्याचा आवाज झाला. तीही रिसीव्हर ठेवून तशीच उभी राहिली. सुलेमानभाईंनी कोण होते म्हणून विचारले, तेव्हा तिने सांगितले. मग म्हणाली, "अब्बा, मला फार भूक लागली आहे."

दोघे दिवा मालवून घरी गेले. घाईत ती माझे बटण बंद करायला विसरली. माझे हिरवे दिवे तसेच लुकलुकत राहिले.

त्यानंतरही मी चार वर्षे काम केले. तस्नीमचा व्यवसाय मोठा झाला नाही, पण बुडालाही नाही. बागायतदाराची वेबसाइट करायची तर आधी बाग पाहून यायची, असा तिचा नेम झाला होता. २००५ साली ब्रॉडबँड आले. त्याची बातमी तिनेच अब्बांना वाचून दाखवली, माझ्या समोरच. नवा डबा न ओरडता काम करतो. तिने माझ्या पिना शेवटच्या वेळी पुसल्या, मला घरी आणले आणि माळ्यावरच्या पेटीत ठेवले. मला दुःख झाले नाही. माळ्यावर सुकट ठेवलेली असते, तिचा वास येतो. खाली माणसांचे बोलणे ऐकू येते. दिवस जातात.

मित्रांनो, जुन्या वस्तू लहानांना सांगतात, आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. माझे काम झाले आहे. आता तुमच्या हातातली यंत्रे माझ्याहून हजारपट वेगाने बातमी पोचवतात, आणि मी जसा पोचवताना विचारत नसे, तशी तीही विचारणार नाहीत. यंत्राला ते जमतच नाही. म्हणून पुढे पाठवण्याआधी तुम्ही विचारा. कारण तिकडे दूर कोणीतरी चपला दाराबाहेर काढून तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार असतो. त्या माणसाला जपा.