काळ्या बाज्यांची वरात

दिग्विजयला वरातीत पिवळंधमक काही नको होतं. खराडीच्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या या नवरदेवानं लग्नाची पत्रिकासुद्धा काळी छापली होती. त्यानं आमच्या ह्यांच्यापुढे लॅपटॉप उघडला आणि परदेशातल्या कुठल्याशा बँडचा फोटो दाखवला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सगळं जुन्या समईच्या बुडासारखं गडद.

"काका, याला डार्क अँटिक फिनिश म्हणतात. गोल्डन एकदम टिपिकल वाटतं हो. जमणार असेल तर तुम्ही, नाहीतर डीजे सांगतो."

डीजेचं नाव काढलं की आमचे हे, म्हणजे यज्ञेश्वर ब्रास बँडचे मालक, कशालाही हो म्हणतात. हंगामातली ती पहिलीच सुपारी होती. जन्मभर जे पितळ चिंच लावून घासघासून लखलखीत ठेवलं, ते आता पैसे घेऊन काळं करायचं! मी कपाळाला हात लावला.

रंग मारला तर आवाज बसतो. म्हणून दिग्विजयनंच इंटरनेटवरून उपाय शोधून दिला: उकडलेली अंडी फोडून पितळेबरोबर हवाबंद पिंपात ठेवायची, त्यांच्या वाफेनं पितळ काळवंडतं. उपाय सोपा, पण पिंप ठेवणार कुठे? आमच्या धनकवडीच्या घरात चौघं झोपलो की पाय ठेवायला जागा नाही. राहिली बुधवार पेठेतली बँडची खोली. ती श्यामसुंदर गुरुजींच्या तळमजल्यावर. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नाही. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती: "वाजवा हवं ते, पण अंडं-मटण उंबऱ्याच्या आत दिसलं की त्याच दिवशी चालते व्हा." पेठेत दुसरी जागा आम्हाला जन्मात परवडली नसती. खोली गेली की बँड गेला, इतकं ते सरळ होतं.

अंडी मी घरीच उकडली. म्हणजे गॅसवर ठेवली आणि नळाला पाणी आलं म्हणून भरायला गेले, ती बऱ्याच वेळानं आले. मग युफोनियमवाल्या बापूरावांनी आपल्या बाज्याच्या कर्ण्यासारख्या रुंद तोंडात ती लपवली, वर उपरणं कोंबलं आणि गुरुजींसमोरून रामराम करत आत नेली. बाकीची वाद्यं पिंपात मावली. युफोनियम मावेना, म्हणून त्याच्या तोंडात अर्धी केलेली अंडी टाकून वर प्लॅस्टिक बांधलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी नाक धरून दारात.

"यज्ञेश्वरराव, आत वाद्यं मेलीत की वादक?"

"ड्रेनेज असेल," हे म्हणाले.

गुरुजींनी दुपारीच संपत प्लंबरला बोलावून अख्खं अंगण उकरलं. ड्रेनेज ठणठणीत निघालं. तरी संपतनं एक पाइप बदललाच, आलोच आहे तर म्हणून.

संध्याकाळी पिंप उघडलं. खोटं कशाला बोलू, रंग बघून मी हरखलेच. काळसर तपकिरी, मध्येच जांभळट झाक, अगदी पैठणीत शोभेल असा. अंडी गोळा करताना मात्र एक अर्धुक कमी भरलं. सगळ्यांनी बापूरावांकडे बघितलं.

"म्या न्हाई खाल्लं," बापूराव म्हणाले. कुणी विश्वास ठेवला नाही.

आमची एक रीत आहे. हंगामाच्या पहिल्या सुपारीला निघताना गुरुजी अंगणात वाद्यांची पूजा करतात आणि पहिली सुरावट त्यांच्या दारात वाजते. वरातीच्या दिवशी गुरुजी सोवळं नेसून, ताम्हन घेऊन उभे राहिले. वर गॅलरीत त्यांच्या पत्नी उल्काकाकू.

"लग्नाला काळे बाजे," गुरुजी म्हणाले. "छान. श्राद्धाला गुलाबी आणा."

त्यांनी हळदकुंकू वाहिलं. बापूरावांनी गाल फुगवून फुंकर मारली, पण आवाजच फुटेना. मग त्यांनी डोळे मिटून, जीव खाऊन फुंकलं. पॉक् असा आवाज झाला आणि ते हरवलेलं अर्धुक उंच उडून थेट गुरुजींच्या ताम्हनात पडलं, पिवळं वर करून.

हे हात जोडून म्हणाले, "गुरुजी, चुकलो. पण खोली काढून घेऊ नका. पोरांनी जायचं कुठे?"

गुरुजींनी चष्मा सारखा केला आणि ताम्हनावर वाकून नीट बघितलं.

"जास्त उकडलंत," ते म्हणाले. "पिवळ्याभोवती हिरवी कड आलीय, बघा. उतरवल्या उतरवल्या गार पाण्यात टाकायचं असतं."

माझ्या हातच्या पदार्थाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. मी तोंड उघडणार, तोच गॅलरीतून आवाज आला.

"अहो, तुम्हाला हो कसं माहीत?"

गुरुजींचा चेहरा आमच्या ट्रॉम्बोनपेक्षा काळवंडला. जिन्यावर काकूंची पावलं वाजायला लागली. गुरुजींनी ह्यांचा दंड घट्ट धरला.

"खोली तुमचीच," ते कुजबुजले. "पण आता वाजवा."

"काय वाजवू, गुरुजी?"

"काहीही वाजवा! ती खाली येतेय!"