इंजिन गार हवं

आधीच सांगून ठेवतो, मी तापट आहे. घरात सगळे तसं म्हणतात आणि ते खरंच आहे. पण कारखान्यात बत्तीस वर्षं मी एकच काम करतोय, मोजमापाचं. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग माझ्या टेबलावर येतो, मी मोजतो, आणि केसभर चुकला तरी बाजूला टाकतो. असा माणूस घरी येऊन मवाळ कसा होणार?

आमची मोटरसायकल मूळची बाबांची. मी शाळेत जायला लागलो त्या वर्षी त्यांनी ती नवीकोरी आणली होती. गेल्या वर्षी तिच्यावरूनच ते वळणावर घसरले आणि खांद्याचं हाड मोडून बसले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सहा आठवडे हात गळ्यात. तो फोन आला तेव्हा माझ्या हातातलं मोजमापाचं यंत्र खाली पडलं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईने इस्पितळातच त्यांच्याकडून वदवून घेतलं, "पुन्हा कधी एकटे या गाडीवर बसणार नाही म्हणा. माझ्या गळ्याची शपथ." बाबांनी निमूटपणे म्हटलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मला इतकं हायसं वाटलं की काही विचारू नका.

तेव्हापासून गाडी मी कामावर नेतो. आईबाबा डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज पहाटे साडेपाचला फिरायला जातात. त्यासाठी मी दोघांना चांगले जाड तळव्यांचे बूट आणून दिले. साडेसहाला दोघं घामाघूम होऊन, धापा टाकत परत यायचे, पण चेहरे कसे टवटवीत. डॉक्टर खूश, मीही खूश. कारखान्यात चारचौघांत मी त्यांचे गोडवे गायचो. नाहीतर तुमचे म्हातारे बघा, दिवसभर टीव्हीसमोर.

तर दोन महिन्यांपूर्वी गाडीने कुरकुर सुरू केली. पेट्रोल तर माझ्याकडे आल्यापासूनच ढोसत होती. बाबांकडे भरलेली टाकी आठवडाभर पुरायची ती माझ्याकडे चार दिवसांत तळाला. आणि आता इंजिनही वाजायला लागलं. टिक टिक टिक, शिवणाचं मशीन चालवल्यागत. मी लगेच निदान केलं: टॅपेट. इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. झडप आणि तिला ढकलणारा भाग यांच्यात कागदाएवढी फट ठेवावी लागते. फट वाढली की टिकटिक होते, फार कमी झाली तर झडप नीट मिटत नाही आणि जळते. ती फट बरोबर करायची म्हणजे टॅपेट सेट करायचे. काम तासाभराचं. अट एकच, इंजिन अगदी गार हवं. तापलेलं लोखंड फुगतं आणि माप खोटं येतं.

बाबा तर माझ्याही आधीपासून मागे लागले होते. एकदा सेट करून टाक रे, आख्खी गल्ली जागी होते, म्हणायचे. मी म्हटलं, बाबा, मी आठ वाजता निघतो, तोवर गल्ली जेवणाच्या डब्यांपर्यंत पोचलेली असते. त्यावर ते खोकले.

गॅरेजात द्यायचा प्रश्नच नव्हता. ज्याने आयुष्य मापात काढलं त्याने झडपांची फट दुसऱ्याकडून मोजून घ्यायची? रविवारी सात वाजता मी जिन्याखाली, गाडीच्या जागेवर, वर्तमानपत्र अंथरलं. पाने मांडले, मापाच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा पुसून ठेवला, बाही वर केली आणि इंजिनावर हात ठेवला. हात झटकन काढून घ्यावा लागला. चांगलंच तापलं होतं.

शनिवारी संध्याकाळी सहाला गाडी लावलेली. तेरा तासांत इंजिन गार होत नाही? मी भिंतीला दोष दिला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे, तिथली ऊब येत असेल. पाने गुंडाळून वर आलो आणि दिवसभर सगळ्यांवर डाफरलो.

पुढच्या शनिवारी गाडी भिंतीपासून लांब ओढून ठेवली. रविवारी पुन्हा तेच. आता मी इरेला पेटलो. कारखान्यातून तापमान मोजायचं यंत्र आणलं आणि वही सुरू केली. रात्री: चोवीस. सकाळी सात: चौपन्न. बायकोने वहीत डोकावून विचारलं, काढा करून देऊ का हो तिला? मी म्हटलं, थट्टा नको, कुणीतरी आपली गाडी चोरून वापरतंय. त्यावर ती फक्त हसली. किल्ली तर माझ्या उशीखाली होती. वरच्या मजल्यावरच्या पोस्टमनवर माझा संशय गेला. त्याला जिन्यात गाठून मी त्याची उलटतपासणी घेतली, तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं की त्याला सायकलशिवाय काही चालवता येत नाही. बाबा सोफ्यावर बसून उघड्या दारातून हे सगळं ऐकत होते. बिचाऱ्याला कशाला छळतोस, एवढंच म्हणाले. नखं दाताने कुरतडत होते, कारण घरातला नेलकटर वर्षभरापासून सापडत नव्हता.

तिसऱ्या रविवारी मी पाचलाच उठलो आणि आमच्या दाराच्या वर, जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत अंधारात उभा राहिलो. हातात पाना. चोर दिसला की आधी पाना, मग प्रश्न, असं ठरवूनच.

साडेपाचला आईबाबा खाली उतरले. मी मनात म्हटलं, जाऊ देत यांना, मग चोर येईल. पण ते फिरायला गेले नाहीत. बाबांनी गाडी स्टँडवरून उतरवली, हँडल धरलं. आईने पदर खोचला आणि मागून ढकलायला लागली. चकार शब्द न बोलता दोघांनी ती गाडी चढाच्या रस्त्याने कोपऱ्यापर्यंत नेली. तिथे दिव्याखाली आईने फिरायला जायच्या पिशवीतून दोन हेल्मेट काढली. बाबांनी खिशातून आमचा नेलकटर काढला, त्याची कानस किल्लीच्या जागी खुपसली आणि फिरवली. चाळीस वर्षांच्या वापराने ते कुलूप इतकं झिजलंय की त्याला चमचाही चालला असता. एका किकमध्ये गाडी सुरू. आई दोन्हीकडे पाय टाकून मागे बसली, बाबांच्या कमरेला हात घातला, आणि दोघं दिसेनासे झाले.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी. तोवर कोपरा रिकामा होता.

नंतरचा तास कसा गेला ते मला विचारा. आधी राग आला. मग राग उतरला आणि भीती वाटायला लागली. ते वळण. बाबांचा खांदा. आणि आता मागे आई. दोघं एकदम गेली तर मी काय करू? लांबून कुठलीही गाडी आली की मी कान द्यायचो आणि ती भलतीच निघायची. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन मी पन्नास वर्षांचा माणूस बसून होतो, शाळा सुटल्यावर घ्यायला कुणी आलं नाही की पोर बसतं तसा.

सहा पंचवीसला कोपऱ्याकडून आवाज आला. टिक टिक टिक. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. लगेच इंजिन बंद झालं आणि चाकं उतारावरून नुसती घरंगळत आली. मी धूम वर पळालो.

बायको चहा टाकत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तिने गॅस बारीक केला आणि दाराशी चपला ठेवायच्या जागेतला, मीच आणून दिलेला बाबांचा बुटांचा आधीचा जोड आणून माझ्यासमोर ठेवला, थंडीत ते हेच घालून जायचे. अख्खी थंडी "चालून" तळव्याची एक रेघ झिजली नव्हती. डाव्या बुटाच्या नाकावर मात्र गिअर बदलून बदलून काळा खड्डा पडला होता.

"मोजमापवाले तुम्ही ना?" ती म्हणाली.

म्हणजे हिला ठाऊक होतं. पेट्रोल का संपतं, थंडीतही गाडी सकाळी एका किकमध्ये का सुरू होते, वर येण्याआधी दोघं जिना मुद्दाम दोनदा चढून घाम का काढतात, सगळं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही बंद केलं असतं. आणि वर्षभरात त्या दोघांना एकदा तरी सर्दी झालेली आठवतेय का?

आईबाबा आत आले. रोजच्यासारखे धापा टाकत खुर्चीत बसले. आज छान चाललो, आई म्हणाली. मी कपात बघत राहिलो. बोलायला खूप होतं. शपथेचं काय झालं, हाडाचं काय, वयाचं काय. पण त्यांचे ते टवटवीत चेहरे बघितले आणि तोंडातून भलतंच निघालं.

"येत्या रविवारी सकाळी गाडी कुणी हलवू नका. मला इंजिन गार हवंय. सोमवारपासून चालेल."

 बाबांनी चहाचा कप बशीत ठेवला तो वाजला. मग त्यांनी खिशात हात घातला आणि नेलकटर माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आई मात्र कसली घाबरते. म्हणाली, मी एकटे बसणार नाही असं वदवून घेतलं होतं. एकटे कधी बसलेत?

त्या रविवारी इंजिन गार होतं. चोवीस, वहीत आहे. बाबा स्टूल घेऊन शेजारी बसले आणि एकेक पाना हातात देत गेले. मी झाकणं काढली, इंजिन हाताने फिरवून जागेवर आणलं, पहिल्या झडपेच्या फटीत पट्टी सरकवली. लोण्यातून सुरी जाईल इतकी सैल जाऊ नये, अडकूही नये, बेताने ओढत यावी. तशी आली. नट आवळला. बाबा म्हणाले, हात चांगला आहे तुझा. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मला पन्नास वर्षं लागली, म्हणून मी उगाच पाना दोनदा पुसला.

दुसऱ्या झडपेचंही माप बरोबर जमलं. नट आवळायचा तेवढा राहिला होता. आणि मला तो तास आठवला. हिचीही टिकटिक गेली की गाडी कोपऱ्यावर आलेली मला कळणार कशी? मी फटीचा स्क्रू परत सैल केला. केसभर. बत्तीस वर्षांत असा भाग माझ्या टेबलावर आला असता तर मी तो फेकून दिला असता. नट आवळला, झाकणं लावली, किक मारली.

गाडी झकास चालली. पण बाबांचे कान अजून तिखट आहेत. त्यांनी मान तिरकी केली.

"एक वाजतोय अजून. फट मोठी राहिलीये."

"राहू दे," मी म्हटलं. "इंजिनाला काही होत नाही त्याने. तुम्ही आलात की मला घरात ऐकू यायला हवं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.  मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती मुठीत घट्ट धरली आणि पाने आवरायला घेतले. एक पाना त्यांनी चुकीच्या खणात ठेवला. मी तो तिथेच राहू दिला.

सोमवारी पहाटे साडेपाचला गाडी कोपऱ्यावर नाही, दारातच सुरू झाली. टिक टिक करत गल्लीतून गेली. वरून पोस्टमनने खिडकी उघडून काहीतरी पुटपुटल्याचंही ऐकलं. मी अंथरुणात पडून राहिलो, डोळे उघडे. सहा पंचवीसला ती कोपऱ्यावर वाजली. मग मी कूस बदलली आणि आठ वाजता बायकोने पांघरूण ओढेपर्यंत गाढ झोपलो. त्या दिवशी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला कामावर जायला उशीर झाला.