एकतीस डिसेंबरच्या आत

पाळणाघराचे पैसे पगारातून, कर कापायच्या आधीच, बाजूला काढायची सोय रंगाच्या कारखान्यात होती. व्हर्लीन आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी वर्षाला पाच हजार डॉलर काढायची, ऑरिन आपल्या चार वर्षांच्या लेकासाठी तेवढेच. दोघं एकेकटे, दोघं नियमात. मग दोघांचं जुळलं आणि नियम आडवा आला.

"अठ्ठावीस डिसेंबरला लग्न?" कारखान्याच्या ऑफिसातल्या ग्रुडझिन्स्कीबाईंनी अभिनंदनाआधी तक्ता काढला. "एकेकट्याला पाच हजार. जोडप्याला मिळूनही पाचच. वरच्या पाचांवर कर पडेल."

"पण वर्षभर आम्ही एकेकटेच होतो की!" व्हर्लीन म्हणाली.

"एकतीस डिसेंबरला जे नवराबायको, ते कायद्यासाठी अख्खं वर्ष नवराबायको."

"अहो, जानेवारीत आमची ओळखसुद्धा नव्हती."

"कायद्याला होती. एक जानेवारीला करा ना, चार दिवसांनी काय बिघडतं?"

ऑरिन म्हणजे साबणाचं कूपन वाया जाऊ नये म्हणून दोन गावं पलीकडे जाणारा माणूस. त्याचे डोळे चमकले. "खरंच की, चारच दिवस!"

"माझ्या बाबांना डॉक्टरांनी जेमतेम वर्षाअखेरपर्यंतची मुदत दिलीय," व्हर्लीन म्हणाली. "त्यांनाच विचार, चार दिवस शिल्लक आहेत का."

तिनं टोमणा मारला होता. ऑरिन सरळमार्गी, संध्याकाळी तो खरोखरच विचारायला गेला. व्हर्लीन मागोमाग धावली, पण तोवर त्यानं सगळा हिशेब म्हाताऱ्यापुढे मांडलाही होता.

तिच्या बाबांनी, एमेटनी, नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली. "किती वाचतात?"

"अकराशे."

"बरीच रक्कम आहे रे. बघतो प्रयत्न करून. पण मधेच गेलो तर मला पुढच्या वर्षावर ढकलू नका हं. पुरण्यात सूट नसते."

व्हर्लीनला हसू आलं आणि मग तोंड फिरवावं लागलं. ऑरिन कानापर्यंत लाल झाला.

सकाळी तिच्याआधी तोच ऑफिसात हजर. ती दारातच थबकली.

"शनिवारीच करतोय," तो म्हणत होता. "अठ्ठावीसला."

"अकराशे डॉलर जातील!"

"जाऊ देत."

"मर्यादा का ओलांडली, ते लिहावं लागतं." बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "चुकीनं, नोकरी सुटल्यानं, की बाळंतपणामुळे? कुठल्या चौकटीत खूण करू?"

"सासऱ्यांमुळे."

"तशी चौकट नाही."

"मग आखा एक."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या व्हर्लीनकडे. आणि खण उघडून पट्टी काढली.