रिकामी पाठवायची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. रंग पांढरा, आता ठिकठिकाणी पिवळट झालेला. माझ्या नंबराची सुरुवात एमएच एकोणीस अशी आहे, म्हणजे मी जळगाव जिल्ह्यातली. पण सध्या मी राजस्थानात, कोटा शहरातल्या एका इमारतीच्या भिंतीशी उभी असते. माझ्या शेजारून जाणारे लोक नाकाला रुमाल लावतात. असं का, ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून एका लांबलचक ट्रेलरवर, माझ्यासारख्याच सात-आठ गाड्यांबरोबर, मी जळगावला आले. तेव्हा माझ्या सीटवर प्लॅस्टिक होतं आणि अंगावर एक ओरखडाही नव्हता. फैजपूरजवळच्या एका केळीच्या बागेचे मालक तोताराम मला घ्यायला आले. गाव त्यांना नाना म्हणतं. त्यांनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं, टपावर हळदीची पाच बोटं उमटवली आणि लेकीला पुढच्या सीटवर बसवलं. तिचं नाव कामिनी. पाय खाली टेकत नव्हते, पण तिने घरापर्यंत हॉर्नवरचा हात सोडला नाही. शेवटी नाना म्हणाले, "बस कर वो माय, लोक म्हनतीन ॲम्ब्युलन्स आली."

मी पुष्कळ काम केलं. बागेतल्या मजुराला साप चावला तेव्हा त्याला जळगावच्या दवाखान्यात वेळेवर पोचवलं. गावातल्या किती तरी नवरदेवांना मिरवलं. कामिनी मोठी झाल्यावर माझ्यावरच गाडी शिकली. सावद्याच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा असलेल्या एका वळणावर, तिने मला उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासलं. डाव्या दाराला मोठा पोचा पडला. ती रडायला लागली. नाना खाली उतरले, पोचा हाताने चाचपला आणि म्हणाले, "राहू दे. ही तुही सही हाये." तो पोचा त्यांनी कधीच काढून घेतला नाही. कोणी विचारलं तर मोठ्या कौतुकाने दाखवायचे.

कामिनीचं लग्न झालं. जावई कुंदन कोट्याला नोकरीला होते. पाठवणीच्या दिवशी नानांनीच मला चालवत तिला भुसावळ स्टेशनवर सोडलं.

पुढे नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. मग मी बागेतल्या शेडात उभी राहिले. कोंबड्या टपावर बसू लागल्या. चाकांतली हवा गेली. उंदरांनी वायरी कुरतडल्या. मित्रांनो, वापरात नसलेल्या गाडीला कोणी मारत नाही, पण ती दिवसेंदिवस मरत असते.

एका दुपारी नाना शेडात खाटेवर बसले होते. कामिनीचा फोन आला. नानांना नीट दिसत नसल्यामुळे ते फोन स्पीकरवरच ठेवत, म्हणून मीही ऐकला.

"नाना, गाडी विकली तर नाही ना?"

"कोन घेतं तिले?"

"मग ती मला पाठवा. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलंय. बाळंतपणाला मी तिकडे येऊ शकत नाही. निदान माहेरची गाडी तरी इकडे येऊ दे. माझं बाळ दवाखान्यातून घरी येईल ना, ते आपल्याच गाडीतून आणायचंय."

फोन ठेवल्यावर नाना उठले आणि माझ्या टपावरची कोंबडी हाकलली.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. फैजपूरच्या हसीब मिस्त्रीने वायरी बदलल्या, बॅटरी बसवली, चाकांत हवा भरली. गाड्या परराज्यात पोचवणाऱ्या एका कंपनीशी कामिनीने फोनवरून सगळं ठरवलं. कंपनीचं आवार धुळ्याला होतं. तिथून ट्रेलरवर चढून मी कोट्याला जाणार होते. कंपनीची एकच अट होती, आणि कामिनीने ती नानांना दोनदा सांगितली : गाडी पूर्ण रिकामी हवी. आत कसलंही सामान नको.

नानांच्या पत्नी सुनंदाबाई लेकीच्या मदतीला आधीच रेल्वेने कोट्याला गेल्या होत्या. जाताना त्यांनीही बजावलं होतं, "गाडीत काही भरू नका हो." पण बागेला पाणी द्यायला नाना मागे राहिले होते, आणि त्यांना अडवणारं आता घरात कोणी नव्हतं.

वैशाख लागला होता. मला धुळ्याला न्यायच्या दिवशी पहाटे नाना विळा घेऊन बागेत गेले आणि एक मोठा हिरवा घड घेऊन आले. त्यांनी त्याच्या फण्या वेगळ्या केल्या. माझ्या डिकीत केळीची वाळलेली पानं अंथरली आणि एकेक फणी निगुतीने मांडली. वरून पुन्हा पानं. उरलेल्या फण्या मागच्या सीटखाली. मला धुळ्याला चालवत नेणारा त्यांचा पुतण्या अभिमन हे बघत उभा होता.

"नाना, गाडी खाली पाठवाची हाये ना? कंपनीनं सांगेल हाये."

"कंपनीले लेक नसंन."

"पन नाना..."

"लेकीच्या दारात रिकामी गाडी उभी करू? चार लोक काय म्हनतीन?"

"तिथले कोनते चार लोक तुमच्या वयखीचे हायेत?" अभिमन हसला. मग जरा गंभीर झाला. "ऊन पाहा नाना. केयी उकडतीन."

"मले केयी शिकवू नको. दिल्लीले जाते तवा हिरवीच जाते ना? वाटेत पिकते. हे पोचतीन तवा सोन्यासारखी पिवयी राहतीन."

मित्रांनो, नानांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. आमच्या भागात केळी कोणी झाडावर पिकवत नाही. हिरवी कापायची, लांब पाठवायची आणि वाटेत पिकू द्यायची, हाच तिथला शिरस्ता. नानांनी आयुष्यभर हेच केलं होतं आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. पण तो माल हवा खेळणाऱ्या रेल्वेच्या वाघिणीतून जात असे. मी काचा लावलेली, बंद गाडी होते.

धुळ्याला नानाही बरोबर आले. तिथल्या आवारात नासीरभाई नावाचे गृहस्थ गाड्या ताब्यात घेत. ते माझ्याभोवती फिरले, मोबाइलवर फोटो काढले. डाव्या दारापाशी थांबले.

"नाना, हा पोचा आधीचाच ना? नंतर आमच्या नावावर नको."

"तो लेकीचा हाये. त्याले हात लावू नका."

नासीरभाई हसले. मग डिकीकडे वळून, गाडी सगळी रिकामी आहे ना, असं त्यांनी खानदेशी ढंगात विचारलं, "गाडी बठ्ठी खाली शे ना, नाना?"

"बठ्ठी खाली," नाना म्हणाले.

अभिमन बुटाच्या टोकाने माती उकरत राहिला. नासीरभाईंचा हात डिकीच्या कडीपर्यंत गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. "तुम्ही म्हणता म्हणजे झालं. पांढऱ्या केसांच्या माणसाला काय दोनदा विचारायचं."

मला बोलता आलं असतं तर मी तिथेच बोलले असते.

ट्रेलर त्या दिवशी निघायचा होता, पण भरला नव्हता. शिरपूरच्या दोन गाड्या आणि पिंपळनेरची एक यायची बाकी होती. अर्धा ट्रेलर कंपनी सोडत नाही. मी बरेच दिवस उघड्या आवारात, उन्हात उभी राहिले. पत्र्याला हात लावला तर फोड येईल असं ते ऊन. डिकीतल्या फण्या पिवळ्या झाल्याच नाहीत. वरून हिरव्याच राहिल्या आणि आतून उकडून मऊ पडल्या. मग साली फाटल्या. आधी गोडसर वास आला, मग आंबूस.

नासीरभाईंच्या तो लक्षात आला. त्यांनी माझ्याशेजारी उभं राहूनच नानांना स्पीकरवर फोन लावला.

"नाना, तुमच्या गाडीला वास येतोय बरं का. उंदीर-बिंदीर मेला की काय? किल्ली माझ्याकडं आहे. डिकी उघडून बघू?"

पलीकडून नानांचा घाईघाईचा आवाज आला.

"नको नको, नासीरभाऊ. जुनी गाडी हाये. शेडात उभी होती. जाईन वास."

"नक्की ना? मी काही फेकणार नाही. नुसतं बघतो."

"नक्की."

नासीरभाईंनी फोन खिशात टाकला. माझ्या डिकीवर दोनदा हलकेच थाप मारली, जशी एखाद्या म्हशीच्या पाठीवर मारावी, आणि ते निघून गेले. मालकाने नको म्हटल्यावर गाडी उघडायची नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो योग्यच होता.

शेवटी ट्रेलर भरला. मला वरच्या मजल्यावर चढवलं. शिरपूर मागे पडलं, सातपुड्याचा घाट चढताना माझी मागची बाजू खाली झुकली आणि डिकीच्या फटीतून काळा रस ठिबकू लागला. माझ्या खाली एक कोरी लाल मोटार होती. तिच्या काचेवर तो पडत राहिला. पहिल्या प्रवासात मीही तिच्यासारखीच होते, हे तिला सांगून काय उपयोग होता?

कोट्याला पोचले तेव्हा सगळं कुटुंब फाटकाशी उभं होतं. दिवस भरत आलेली कामिनी एका हाताने कमर धरून, दुसऱ्या हातात आरतीचं ताट घेऊन. ती आधी डाव्या दाराकडे आली. पोच्यावरून हात फिरवला. "आई, आहे बघ अजून," म्हणाली.

तेवढ्यात कुंदनरावांनी डिकी उघडली.

माश्यांचा एक ढगच बाहेर आला. आत फण्या ओळखू येत नव्हत्या. काळा लगदा होता, आणि त्याचा रस गालिच्यात, सीटच्या फोममध्ये, पत्र्याच्या सांध्यांत उतरला होता. कामिनीने ताट खाली ठेवलं, भिंतीला धरलं आणि ती ओकू लागली.

"तू वर जा," कुंदनराव म्हणाले. "आई, तिला वर न्या."

सुनंदाबाई हलल्या नाहीत. त्यांनी लगद्यातून वाळलेल्या पानाचा एक तुकडा उचलला. "आपल्याच बागेतली आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

कामिनीने तिथेच पायरीवर बसून स्पीकरवर फोन लावला.

"नाना, गाडीत काय ठेवलं होतं?"

"पोचली का? पिकली ना?"

"नाना, काय ठेवलं होतं?"

"केयी. घरची." मग आवाज खाली गेला. "नासीरभाऊचा फोन आला होता वासाचा. मले वाटलं, पिकून राह्यली."

"मी सांगितलं होतं ना, रिकामी पाठवा म्हणून? दोनदा सांगितलं होतं."

"गाडी तर तू मागितली होती, माय. मंग मी काय दिलं?"

कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती थकलेली होती, आणि राग अजून ताजा होता. "मला गाडीच हवी होती, नाना," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

मला तीनदा धुतलं. सीट काढून वाळवल्या, सोडा टाकला, कापराच्या वड्या ठेवल्या. केळीचा डाग कपड्यावरून जात नाही हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. वासाचंही तसंच निघालं. ऊन तापलं की तो सांध्यांतून पुन्हा वर येई.

कामिनीला मुलगी झाली. त्या दिवशी मी सकाळपासून फाटकाकडे तोंड करून उभी होते. एक भाड्याची गाडी आली. त्यातून सुनंदाबाई उतरल्या, मग दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन कामिनी. माझ्यापाशी येताच सुनंदाबाईंनी दुपट्याचं टोक बाळाच्या नाकावर ओढलं. कामिनी क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि वर गेली.

बारशाला नाना आले. रेल्वेने, अभिमनचा हात धरून. सुनंदाबाई खाली उतरून त्यांच्या मागेपुढे पाहू लागल्या. "पिशवी कुठंय?"

"नही आनली. खालीच आलो."

अभिमनने त्यांचा हात धरून त्यांना जिन्याकडे वळवलं.

नाना वर जाण्याआधी माझ्याकडे आले. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण वासाने त्यांना मी कुठे आहे ते कळलं. त्यांनी डिकी उघडली, आत हात घातला आणि पत्र्यावरचा डाग अंगठ्याने घासत राहिले, जणू अजून तो निघेल. कामिनी बाळाला घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आली. त्याच्या पुढे आली नाही.

"नाना, वर चला. नातीला घ्या."

"येतो," ते म्हणाले. "आधी हात धुतो."

मित्रांनो, प्रेमाने भरलेली गोष्टसुद्धा लपवून ठेवली तर नासते. आपली वस्तू परक्या माणसाच्या हाती द्याल तेव्हा तिच्यात काय आहे ते त्याला खरं सांगा. तो काही चोर नसतो. आमच्या नासीरभाईंसारखा नेकीने राखणाराही असतो. आणि 'वास येतोय, उघडून बघू का?' असं कोणी विचारलं, तर त्याला उघडू द्या. नासीरभाईंच्या हाती कडी होती तेव्हा अजून वेळ गेलेली नव्हती.

जाताना नाना लेकीला एकच सांगून गेले, की डिकी उघडी ठेवत जा, हवा लागू दे. आता कामिनी रोज सकाळी खाली येते, श्वास रोखून डिकी उघडते आणि परत जाते. ऊन आत पडतं. पुसून पुसून पांढुरका झालेला पत्रा दिसतो. नानांनी धुळ्याला सांगितलं होतं, तशीच मी आता आहे. बठ्ठी खाली.